बंद आणलेलं दार

शाळेला जुलैची सुट्टी, शिरीषची हॉस्पिटलात ड्यूटी, आणि ज्या मैत्रिणीवर भिस्त होती तिच्या घरी सगळेच तापाने आडवे. म्हणून इरावतीने सहा वर्षांच्या अनुष्काला गाडीत घातलं आणि साइटवर घेऊन निघाली. पुढे जे झालं त्याचं मूळ शोधू गेलं तर इथेच सापडतं. पण त्या दुपारी त्यात वावगं काहीच नव्हतं. पोराला काखोटीला मारून कामावर जाणाऱ्या आया न्यूझीलंडमध्ये काही कमी नाहीत.

इरावती स्ट्रक्चरल इंजिनिअर. शिक्षण पुण्यात, नोकरी पामर्स्टन नॉर्थमधल्या एका लहानशा फर्ममध्ये. त्या देशात जमीन कधी अंग झटकेल याचा नेम नाही, त्यामुळे जुनी दगडी इमारत दिसली की पहिला प्रश्न असतो, ही भूकंपात टिकेल का? त्याचं उत्तर देणं हे तिचं काम. आज पाळी होती सेंट बोटॉल्फच्या चर्चची. शहरापासून तासाभरावर, मेंढ्यांच्या टेकड्यांत ते एकटंच उभं होतं. वस्तीचं म्हणाल तर एक डेअरी, म्हणजे तिकडचं किराणा दुकान, तेही बंद पडलेलं.

“अनू, बघ किती मेंढ्या!”

“दे आर सो फ्लफी, मम्मी.”

“मेंढ्या म्हण.”

“शीप,” अनुष्का म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

हेच इरावतीचं दुखणं होतं. पोरीला मराठी येत नव्हती असं नाही. “साय नको, नुसतं दूध दे” पासून “तुझ्या बाबांना अक्कल नाही” पर्यंत सगळं तिला समजायचं, अगदी वरचे टोमणेसुद्धा. उत्तर मात्र इंग्रजीत. शिरीष म्हणायचा, कळतंय ना, मग झालं. इरावतीचं तेवढ्यावर भागत नव्हतं. पोटची पोर आपल्याशी शेजाऱ्यांच्या भाषेत बोलते याचं तिला वाईट वाटायचं, आणि असं वाईट वाटतं हे कुणाला सांगायचीही चोरी. लोक हसले असते.

चर्चच्या फाटकाशी नोएलीन उभी होती. ती तिथली वॉर्डन, चर्चची देखभाल तिच्याकडे. सत्तरी ओलांडलेली, पायात गमबूट, हातात वीतभर लांब किल्ली. “किआ ओरा,” तिने माओरीत नमस्कार केला आणि अनुष्काच्या डोक्यावरून हात फिरवला. नोएलीन अर्थात इंग्रजीतच बोलायची; इथे तिचं बोलणं मराठीत सांगतो, म्हणजे सगळ्यांचीच सोय.

आत थंडी बाहेरच्यापेक्षा जास्त होती. ओल आलेलं लाकूड, जुनं मेण आणि त्याखाली आणखी कसलासा मातकट वास, उकरलेल्या जमिनीला येतो तसा. इरावतीने टॉर्च फिरवला. चर्च दीडशे वर्षांचं असेल. इंग्लंडातल्या गावच्या चर्चची आठवण काढत बांधलेलं. टोकदार कमानी, उंच अरुंद खिडक्या, पूर्वेला वेदी. नकलेत चूक नव्हती. पण दक्षिणेच्या भिंतीवर टॉर्च गेला आणि ती थबकली.

तिथे एक दार होतं. म्हणजे कमान होती दाराची. मधली जागा दगडांनी चिणून टाकलेली. कमान गोल, बुटकी, आणि तिच्यावर नागमोडी कोरीव पट्टे एकात एक बसवलेले, पाऊस खाऊन खाऊन झिजलेले. हे दीडशे वर्षांचं काम नव्हतं. गोल कमानी नॉर्मन लोकांच्या. टोकदार कमानी इंग्लंडात आल्या त्याच्याही आधीच्या. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचा दगड इथे, मेंढ्यांच्या टेकडीवर, आणि बाजूच्या खांबावर कंपासने ओरखडल्यासारखी बारीक बारीक फुलं. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून काजळाचं बोट लावतात, त्यातलाच तो प्रकार.

“हे कुठून आलं?”

“इंग्लंडहून, जहाजातून,” नोएलीन म्हणाली. तिला सांगायला आवडत होतं. “ज्याने हे चर्च बांधलं त्याच्या पूर्वजांचं गाव होतं तिकडे. गाव ओस पडलं, चर्चचं छप्पर कोसळलं. याला वाटलं, एक आठवण आणावी. उत्तरेचं दार तेवढं धड होतं. गावात दोन-चार म्हातारे उरले होते, ते म्हणाले, दार न्यायचं तर बंदच न्या. म्हणून मग चिणलेला दगड न् दगड आकडे घालून आणला आणि होता तसा पुन्हा बसवला.”

“पण ही तर दक्षिणेची भिंत.”

“तिकडे उत्तरेला ऊन नसतं, लव्ह. इथे दक्षिणेला नसतं. बांधणारा काही खुळा नव्हता, त्याने थंड बाजू बरोबर शोधली.”

दक्षिण. इरावतीच्या घरी दिव्याची वातसुद्धा दक्षिणेकडे करत नसत, यमाची दिशा म्हणून. हे हिला समजावत कुठे बसा, म्हणून तिने पुढचंच विचारलं.

“आणि बंद का केलं होतं?”

नोएलीनने अनुष्काकडे एक नजर टाकली. ती मागच्या बाकावर आयपॅड घेऊन बसली होती. नोएलीनने आवाज उतरवला.

“तिकडच्या सगळ्याच गावांत उत्तरेचं दार बाप्तिस्म्याला उघडायचे. बाळाचं नाव ठेवलं की त्याच्यातलं वाईट त्या दारातून बाहेर जातं म्हणे. शिकलेले लोक त्याला सैतान म्हणायचे. त्या गावचे नुसतं ‘ते लेकरू’ म्हणत. नाव ठेवायच्या आधीच गेलेली मुलं त्याच बाजूला पुरायचे ना. त्याला नाव नाही, आई नाही. दुसऱ्याच्या बाळाचं कौतुक ऐकलं की त्याला हेवा वाटायचा आणि ते बाळात शिरू बघायचं. मग आईने म्हणायचं, जा. पाद्र्याने म्हणून चालायचं नाही. आईच्या शब्दाला ते मान द्यायचं.” ती किल्ली खिशात घालत हसली. “पुढे धर्म सुधारला, लोकांना लाज वाटायला लागली, आणि दारं चिणून टाकली. असो. मला कुत्र्यांना खायला घालायचंय. अंधार पडायच्या आत निघा तुम्ही.”

इरावती कामाला लागली. हातोडीने तिने चिणलेले दगड वाजवून पाहिले. बाजूचे दगड ठक्क वाजत होते. मधले वाजत होते पोकळ. मागे जागा होती तर. चिणलेली भिंत आणि बाहेरची विटांची भिंत यांच्यात बांधणाऱ्याने फट सोडली होती, आणि भूकंपात अशीच फट घात करते. तिने ड्रिल लावलं आणि सांध्यात बोट जाईल एवढं छिद्र पाडलं.

“मम्मी, माय आयपॅड इज डेड,” मागून अनुष्का कुरकुरली.

“थोडा वेळ झोप, अनू. माझा कोट पांघरून घे. आत्ता संपवते.”

“इट्स कोल्ड, मम्मी.”

“हो गं बाळा, आलेच.”

छिद्रातून गार हवा आली, मघाचाच मातकट वास घेऊन. इरावतीने कॅमेऱ्याची लांब नळी आत घातली आणि पडद्यावर बघू लागली. जागा बरीच होती. एखादं लहान मूल सहज उभं राहील एवढी. धूळ, चुना, कोळ्यांची जाळी. दगडांची आतली बाजू खडबडीत होती, छिन्नीचे घाव तसेच. फक्त एका जागी, अनुष्काच्या खांद्याइतक्या उंचीवर, दगड गुळगुळीत झालेला होता. देवळाच्या उंबऱ्याला पाय लागून लागून जशी चमक येते तशी चमक होती त्यावर. बंद भिंतीच्या आत.

तिने फोटो घेतले. खिडकीतला उजेड राखाडी होत चालला होता. छपरावर काहीतरी खसफसलं आणि थांबलं. मग अगदी जवळून, भिंतीपलीकडून, हलकेच आवाज आला.

“आय ॲम गोइंग, मम्मी...”

पोरगी कंटाळून बाहेर गेली, इरावतीला वाटलं. भिंतीला वळसा घालून तिकडे उभी आहे आणि आता गाडीकडे चाललीय. नजर पडद्यावर होती, हात नळीवर. तोंडातून निघालं ते विचार करून निघालं नाही. आपल्यात कुणीही पोराला जे सांगेल तेच ती बोलली.

“जाते म्हणू नये, बाळा. येते म्हणावं.”

 मग तोच आवाज, एकेक अक्षर चाचपत...

“ये...ते.”

इरावतीचे हात थांबले. तिला भरून आलं. सहा वर्षं ज्याची वाट बघितली ते असं अवचित पदरात पडलं होतं. “शाब्बास!” ती मोठ्याने म्हणाली, “शाब्बास गं माझी गुणाची बाय! किती गोड बोललीस! ये, लवकर ये, पापा घेऊ दे तुझा!”

ती वळली. मागच्या बाकावर, तिचा कोट गळ्यापर्यंत ओढून, अनुष्का पडली होती. डोळे घट्ट मिटलेले.

 छिद्रातून हवेची एक झुळूक तिच्या मानेवर आली, कुणी भिंतीला तोंड लावून श्वास सोडावा तशी. तिने सामान कसंबसं पिशवीत कोंबलं, पोरीला उचललं आणि गाडी गाठली. छिद्र बुजवायचंही भान राहिलं नाही.

घरी येईपर्यंत अनुष्का एक शब्द बोलली नाही. आरशातून आईकडे बघत होती तेवढंच. रात्रीच्या जेवणाला शिरीष वरण वाढत होता, तेव्हा तिने ताट पुढे केलं.

“बाबा, मला अजून भात वाढ. तूप आई वाढेल.”

शिरीषचा डाव हवेतच राहिला. मग तो हसला, टाळ्या पिटल्या, तिला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात नाचला. इरावती जागची हलली नाही. 

अनुष्का झोपल्यावर तिने सगळं सांगितलं.

“छपरात पॉसम असेल,” शिरीष म्हणाला. “ते माणसासारखे आवाज काढतात, तुला माहितेय.”

“पॉसम येते म्हणतो?”

“तू दमली होतीस. आणि अगं, हेच हवं होतं ना तुला? हीप्स ऑफ ड्रामा केलास याच्यावरून. आता पोरगी बोलतेय तर तोंड असं का?”

“अडखळतसुद्धा नाही रे ती. एका दिवसात?”

“सहा वर्षं ऐकतेय. भांडं भरलं की सांडणारच.”

बोलणं पटण्यासारखं होतं. पण शंकेची पाल एकदा चुकचुकली की माणूस पुरावे गोळा करत सुटतो, आणि हवे ते त्याला मिळतातही. अनुष्का आता आईला सोडेना. न्हाणीच्या दाराशी उभी राही. “आई, तू आत आहेस ना?” विचारी. दिवा घालवला की रडे. इरावती ते सगळं बघत होती आणि वेगळंच वाचत होती. आपली अनू अशी चिकट नव्हती. आपली अनू बिनधास्त होती. ही कोण, जिला आई इतकी नवी आहे, की ती नजरेआड झालेली चालत नाही?

“आई, ती बाहेर येईल?” एकदा वेणी घालताना पोरीने विचारलं.

“कोण?”

“भिंतीतली.”

इरावतीने कंगवा खाली ठेवला. “तुला काय माहीत तिथे कोण आहे?”

अनुष्काने मान खाली घातली. सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या सकाळी फाटकाशी नेहमीसारखं “बाय” म्हणायच्या ऐवजी ती वळून, हसून म्हणाली, “येते हं, आई.” आणि आईच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली, काहीतरी हवं असल्यासारखी. इरावतीने गाडीची काच वर केली. तिला पोरीला जवळ घेववेना. स्वतःच्या पोरीला हात लावायची भीती वाटावी यासारखं दुसरं दुःख नाही, आणि ते तिने गिळलं, कारण सांगणार कुणाला?

त्याच आठवड्यात नोएलीनचा फोन आला.

“तुझी मुलगी घरी आहे ना?” तिने घाईने विचारलं. “मी झाडायला आले होते चर्चमध्ये. भिंतीत मूल रडतंय गं. आधी वाटलं, तूच विसरलीस की काय पोरीला... आपल्या इथल्या पोरांसारखंच बोलतंय. मम्मी म्हणतंय. स्वतःचं नाव अनू सांगतंय.”

इरावती स्वयंपाकघरात उभी होती. हॉलमध्ये अनुष्का बाहुलीला मराठीत दटावत होती, “साय खाल्ली नाहीस तर बघ.” इरावतीला एकदम सगळं उमगल्यासारखं झालं. पोर तिथेच राहिली. आपण ‘ये’ म्हणालो, मराठीत बोलावलं, आणि जे आलं ते मराठीच बोलणार. हात दाखवून अवलक्षण केलं, आणि भोगतेय आपली अनू, त्या गारठ्यात, एकटी.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती अनुष्काला घेऊन चर्चला पोचली. शिरीषला सांगितलं नाही. नोएलीनने दार उघडून दिलं, पण आत यायला तयार झाली नाही. बाहेर आपल्या युट गाडीत कुत्र्याला धरून बसली. ऊन होतं, टेकड्या लखलखत होत्या. दक्षिणेच्या भिंतीला त्यातलं काही लागत नव्हतं.

अनुष्काने आईचा हात दोन्ही हातांनी पकडला होता. “आई, इथे नको ना. घरी जाऊ.”

इरावतीने छिद्राला कान लावला.

“मम्मी?” आतून आलं. हुबेहूब अनू. शब्दाच्या शेवटाला वर जाणारा तो इथल्या पोरांचा हेल, नाकातलं ते बारीक पाणी. “मम्मी, इट्स कोल्ड. माय आयपॅड इज डेड.”

इरावतीने कपाळ दगडावर टेकलं. आयपॅडचं कुणाला माहीत असणार? तिला हुंदका आवरेना. “आलेच, बाळा. आत्ता काढते तुला.”

“आई,” शेजारी उभी होती ती म्हणाली. ओढणी ओढत होती. “आई, माझ्याशी बोल ना. तू तिला शाब्बास म्हणालीस. मी जागी होते. मी पण बोलते ना आता मराठी? मला कधी म्हणणार शाब्बास?”

शब्द कानावर पडले. पण इरावतीचे कान भिंतीकडे होते. आतलं रडणं वाढत चाललं होतं आणि बाहेरचं बोलणं तिला त्यातला अडथळा वाटत होतं. ती उठली. पोरीला खांद्यांना धरून त्या दाराकडे तोंड करून उभं केलं. आईने म्हणायचं. आईच्याच शब्दाला मान देतं ते.

जीभ वळेना. कुणी कायमचं गेलं तरी ‘गेला’ म्हणताना आपण अडखळतो. जिवंत लेकराच्या तोंडावर, निरोप म्हणून, हा शब्द कुठली आई उच्चारेल?  आतून पुन्हा आलं, “मम्मी... प्लीज...”

“जा,” ती म्हणाली.

अनुष्काने मान वर करून बघितलं. काय ऐकलं ते तिला कळत होतं. तिला सगळंच कळायचं.

“कुठे जाऊ?”

“जा इथून. जिथली आहेस तिथे जा!”

पोरीचे ओठ थरथरले. ती रडली नाही. शहाण्या मुलीसारखी दोन पावलं पुढे गेली, दगडावर तळहात ठेवला आणि तशीच उभी राहिली. मग गुडघ्यांतून मोडली, आणि इरावतीने धावत तिला सावरलं तेव्हा भिंतीतलं रडणं थांबलेलं होतं.

पोरीने डोळे उघडले. इकडेतिकडे पाहिलं. दोन्ही हात आईच्या गळ्यात टाकले.

“मम्मी,” ती म्हणाली, “कॅन वी गो होम? आय ॲम सो हंग्री.”

इरावती मोठ्याने रडली. तिच्या केसांचे, गालांचे, बोटांचे पापे घेतले. गाडीतून ग्राउटची, फटी बुजवायच्या सिमेंटची, पिशवी आणली, मळलं आणि ते छिद्र काठोकाठ भरून वरून सारखं केलं. नोएलीनला म्हणाली, आता काही नाही, पॉसम होता. खोटं बोलताना तिला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी तिने अनूच्या आवडीचं केलं, मऊ भात आणि मेतकूट. शिरीष अजून यायचा होता. अनुष्का खुर्चीत पाय हलवत बसली होती, टेबल, दिवा, भिंतीवरचे फोटो असं एकेक बघत.

“तूप घालू का गं?”

अनुष्का गोड हसली. 

“तूप, अनू. घालू?”

“व्हॉट, मम्मी?”

“चमचा घे बघू तो. तो, डावीकडचा.”

पोरगी तशीच हसत बसून राहिली. चमच्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. परक्यांच्या घरी मुलं बसतात तशी, हात मांडीवर ठेवून.

इरावती तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. “अनू, साय हवी का? बाबा कुठे गेलेत? सांग ना. भूक लागली? अनू, मी काय बोलतेय?”

“सॉरी,” अनुष्का म्हणाली. “आर यू टॉकिंग इंडियन?”

बोलायची नाही, पण समजायचं तिला. जन्मल्यापासून समजायचं. इरावती त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तीच जिवणी, तोच हनुवटीवरचा तीळ. आणि मग दुपारी नुसते कानावर पडलेले शब्द एकेक करून आत उतरायला लागले. मी जागी होते. तू तिला शाब्बास म्हणालीस. भिंतीतल्या आवाजाला काय काय ठाऊक होतं? मम्मी, थंडी, आयपॅड, अनू. त्या दिवशी त्या चर्चमध्ये जेवढं बोललं गेलं तेवढंच. त्यापलीकडे एक शब्द नाही. आणि तूप, साय, बाबा, शाळेच्या फाटकाशी वळून बघणं, हे सगळं जिच्याकडे होतं तिला...

फोन वाजला. इरावतीने तो कानाला लावला.

“मी कुलूप लावायला आले होते,” नोएलीन कुजबुजत होती. “पुन्हा सुरू झालंय. पण आता वेगळंच बोलतंय. मला कळत नाही, तुमच्याकडची भाषा असेल. सारखं तेच तेच... थांब, म्हणून बघते. कू...ठे... झाऊ. कूठे झाऊ. असंच काहीसं. त्याचा अर्थ काय गं? मी काही उत्तर देऊ का तिला?”

इरावतीने फोन कानाशी घट्ट दाबला. टेबलाशी बसलेल्या मुलीने पाय हलवणं थांबवलं होतं. मान किंचित कलती करून ती ऐकत होती.

“मम्मी,” ती हळूच म्हणाली, “डोन्ट टेल हर.”

फोन स्पीकरवर नव्हता.